कादंबरी लिहिताना लिंक तुटू नये म्हणून काय करायचं

पहिली कादंबरी लिहिताय ना, मग आज किती शब्द झाले त्यापेक्षा उद्या बसल्याबसल्या सुरू करता येईल का, ते जास्त बघा. माझं पहिलं प्रकरण दीड वर्षं चाललं होतं, कारण मी डोंबिवलीला गाडीत बसले की फोनवर फाइल उघडून पहिल्या पानापासून वाचायचे, दोन शब्द बदलायचे, एक ओळ खोडायचे आणि तोवर घाटकोपर गेलेलं असायचं, मग दादरला उतरायची तयारी.

सगळ्यात उपयोगी पडलं ते म्हणजे सीन संपवून न थांबणं. सीन पूर्ण झाला की बरं वाटतं खरं, पण दुसऱ्या दिवशी समोर कोरं पान असतं आणि लिंक तिथेच तुटते. त्यापेक्षा ऐन भांडणात थांबा. माझ्या गोष्टीत लालबागच्या चाळीत दोन भाऊ पैशावरून भांडतायत, धाकटा काहीतरी बोलायला तोंड उघडतो, तिथे मी फोन बंद केला आणि खाली फक्त एवढं लिहून ठेवलं, ‘हा आता आईच्या पाटल्यांचा विषय काढणार’. रात्री भाकऱ्या करतानाही ते भांडण डोक्यात चालूच होतं, सकाळी ठाणं यायच्या आत दीडशे शब्द झाले.

मागचं वाचायचं तर शेवटचा परिच्छेद, बस. पहिलं प्रकरण कितीही खुपत असलं तरी हात लावू नका, कारण शेवट लिहून झाल्यावर ते तसंही बदलणार.

टार्गेट छोटं ठेवा. रोज ३०० शब्द, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ७,५०० झाले, आठ महिन्यांत ६०,०००. एवढ्यात व्यवस्थित कादंबरी होते. रविवारी एकदम तीन हजार लिहीन असं ठरवलं की रविवारी पाहुणे येतात, हे लिहून घ्या.

आता माहिती शोधण्याबद्दल, कारण इथे मी खूप वेळ घालवलाय. माझी गोष्ट गिरणी संपाच्या काळातली. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, दत्ता सामंत नेते होते, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, एवढं मला माहीत होतं आणि त्या भांडणाच्या सीनला एवढं पुरेसं होतं. पण मी तेव्हा चहा कितीला मिळायचा ते शोधत बसले आणि तीन आठवडे एक ओळ लिहिली नाही. वाईट वाटतं अजून. आता अडलं की तिथे ‘खखख’ टाइप करते आणि पुढे जाते, हा शब्द मराठीत कुठेच येत नाही त्यामुळे नंतर सर्च केलं की सगळ्या जागा सापडतात. मग महिन्यातून एक शनिवार लायब्ररीत बसायचं आणि सगळे खखख एकदम भरायचे. पात्राचं नाव सुचत नसेल तरी हेच करा.

मधेच कंटाळा येतो, बहुतेक वीसेक हजार शब्दांच्या आसपास, सुरुवातीची मजा संपलेली असते आणि शेवट लांब असतो. तेव्हा क्रमाने लिहायचा हट्ट सोडा आणि जो सीन तुम्हाला कधीपासून लिहायचाय तो घ्या. मी संपानंतरचा, आईच्या मरणाचा सीन असाच आधी लिहून टाकला, मग तिथपर्यंत कसं पोचायचं ते आपोआप दिसायला लागलं.

आणि खंड पडला तर? पडतोच. गणपतीत माझे अकरा दिवस गेले आणि नंतर फाइल उघडायचीच भीती वाटायला लागली. तेव्हा लिहायचं म्हणून बसलेच नाही, शेवटचं पान वहीत पेनाने जसंच्या तसं उतरवायला घेतलं. अर्ध्या पानावर धाकट्याचा आवाज परत ऐकू यायला लागला आणि पान संपलं तरी पेन चालूच राहिलं.