पुरात भिजलेली पेटी लगेच वाजवून बघू नका

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. ते ओसरल्यावर आम्ही भजनी मंडळाच्या खोलीचं कुलूप काढलं, तेव्हा पेटी, म्हणजे हार्मोनियम, दारामागे आडवी पडलेली होती, पखवाज गाळात अर्धा रुतलेला होता आणि तानपुरा ठेवला होता त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात सापडला. गणपती 2 सप्टेंबरला बसणार होते. हातात महिनासुद्धा नव्हता. कुणीतरी पेटी उचलून ओट्यावर ठेवली, वरवर पुसली आणि आवाज येतोय का बघायला भाता ओढला.

त्या एका ओढीने पेटी संपली असं म्हटलं तरी चालेल. पुराने जे बिघडवलं त्यातलं निम्मं दुरुस्त होण्यासारखं होतं. पुढच्या दोन दिवसांत आम्ही घाईने जे केलं, ते नव्हतं. 2021 च्या जुलैत चिपळूणच्या मित्रांकडे वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा त्यांना फोनवर पहिलं वाक्य हेच सांगितलं: काहीही वाजवून बघू नका.

भाता ओढणं

पेटीतल्या रीडची पितळी जीभ आपल्या खाचेत केसाएवढी फट राखून हलते. तिथे वाळूचा एक कण अडकला तरी सूर बंद पडतो. भाता ओढला की पेटीच्या पोटात साचलेलं गढूळ पाणी हवेबरोबर थेट त्या फटींमध्ये जातं आणि वाळल्यावर गाळ तिथे सिमेंटसारखा बसतो. शिवाय भात्याच्या घड्या कापड, चामडं, पुठ्ठा आणि ते चिकटवणारा सरस यांच्या जोरावर उभ्या असतात. सरस पाण्यात विरघळतो. ओल्या भात्यावर जोर पडला की घड्या सांध्यातून सुटतात.

त्याऐवजी पेटी हळूच कलती करून पाणी निथळू द्या. भाता अर्धा उघडून मध्ये लाकडाचा तुकडा अडकवा, म्हणजे घड्या एकमेकींना चिकटणार नाहीत. वरची जाळी, झाकण काढा. पुढे काही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, प्रत्येक थर उघडल्यावर पुन्हा घ्या. रीड काढायची वेळ आली तर जुन्या चादरीवर खर्ज (खालच्या, जाड आवाजाच्या रीड) वेगळा, नर (मधल्या आवाजाच्या) वेगळा असा क्रमाने मांडा आणि प्रत्येकाखाली नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. स्क्रू गंजून बसला असेल तर जोर करू नका, तो कारागिरासाठी सोडा.

रीड स्वच्छ पाण्यात बुडवून मऊ ब्रशने साफ करता येते. दाढीचा जुना ब्रश उत्तम. ब्रश नेहमी रिव्हेटकडून, म्हणजे जीभ जिथे ठोकून बसवलेली असते तिथून, टोकाकडे फिरवायचा, उलटा फिरवला तर जीभ उचलली जाते आणि वाकते. लगेच सुती कापडाने टिपून घ्या. पितळेवर हिरवट थर दिसला की पॉलिश पेपर घासायचा मोह होतो, तो आवरा. जिभेच्या टोकाकडचं पितळ थोडं जरी झिजलं तरी सूर चढतो, रिव्हेटजवळचं झिजलं तर उतरतो. दहा रीड घासल्या की दहाही वेगवेगळ्या बेसूर. गंज सोडवायचे तेलकट स्प्रेही नकोत. तेलावर धूळ बसते आणि चार महिन्यांनी पुन्हा तीच रड.

उन्हात ठेवणं

पूर ओसरून दोन दिवसांनी कडक ऊन पडलं, आणि गल्लीत प्रत्येक घरासमोर गाद्या, पुस्तकं, कपाटं वाळत पडली. त्यांच्या शेजारी कुणाची सतार, कुणाची पेटी. उन्हात लाकडाची बाहेरची बाजू आधी सुकते आणि आकसते, आतली अजून ओलीच असते. त्या ओढाताणीत फळी तडकते, पट्ट्या वाकतात, सांधे उघडतात. हेअर ड्रायर, हीटर, चुलीची ऊब यांनीही हेच होतं, फक्त आणखी लवकर.

सावली आणि वारा, एवढंच लागतं. वाद्य जमिनीवर न ठेवता दोन पट्ट्यांवर किंवा खाटेवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. छताचा पंखा चालू ठेवा, पण टेबलफॅनचा झोत थेट मारू नका. रोज दोनदा बाजू बदला. एसी असेल तर त्याचा ड्राय मोड पावसाळ्यात खूप मदत करतो. हे सगळं दोन-तीन आठवडे चालतं, जाड लाकडाला त्याहून जास्त लागतात. वरून कोरडं लागलं म्हणजे आतून वाळलं असं नाही.

मात्र गाळाच्या बाबतीत उलट वागायचं. तो ओला असतानाच काढायचा. ओला चिखल स्वच्छ पाण्यात पिळलेल्या फडक्याने निघून येतो, वाळला की खरवडावा लागतो आणि त्याबरोबर पॉलिशही जातं. पुराच्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं, म्हणून हातमोजे घाला, पायात बूट घाला. हातापायाला जखम असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, तेव्हा ते काम दुसऱ्याला द्या.

आणि पुसून झालं की प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. ओलं वाद्य बंद पिशवीत ठेवलं तर एक-दोन दिवसांत बुरशी धरते. कव्हर, केस, आतलं फोम हे सगळं वेगळं काढा. फोम तर फेकूनच द्या.

तारा चढलेल्या ठेवणं

लहानपणी नदीत पोहायला शिकताना पाठीला भोपळे बांधायचे, ते आठवतंय? तोच भोपळा तानपुऱ्याला असतो. त्यामुळे खोलीत पाणी भरलं की तानपुरा, सतार तरंगतात, भिंतींवर आपटतात, कपाटाखाली अडकतात. आमचा तानपुरा दुसऱ्या कोपऱ्यात कसा गेला याचं उत्तर हेच.

भिजलेला तानपुरा हातात आला की सर्वात आधी तारा सैल करायच्या. दांडी, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) आणि भोपळा सरसाने जोडलेले असतात. सरस मऊ झालेला असताना तारांचा ताण तसाच राहिला तर तबली दबते, दांडीचा सांधा सुटतो. चारही तारा थोड्या थोड्या करून उतरवा, एकच पूर्ण सोडून बाकीच्या तशाच ठेवू नका. खुंट्या फुगून घट्ट बसल्या असतील तर पक्कड लावू नका, तार सरळ कापून टाका. तार नवीन मिळते.

घोडी (जिच्यावर तारा टेकतात ती), तारेत ओवलेले मणी, खुंट्या एका छोट्या कापडी पिशवीत, त्या वाद्याच्या नावाची चिठ्ठी घालून ठेवा. हे मी मुद्दाम सांगतोय. घोडीवर कुणीतरी बसून, तासन् तास कान लावून जवारी काढलेली असते, म्हणजे तार गुंजेल अशी ती घासलेली असते, आणि साफसफाईच्या गडबडीत ती कचऱ्यात जाते. भोपळ्याचे तुकडे झाले असतील तर तेही गोळा करा. मिरजेचे कारागीर तुटलेला भोपळा जोडतात, पण तुकडा हाती असेल तरच.

चिपळूणचा पूर आला तेव्हा कोविडचा काळ होता आणि घरोघरी सॅनिटायझरच्या बाटल्या होत्या. जंतू मरतील म्हणून एकाने तानपुरा सॅनिटायझरने पुसला. या वाद्यांना लाखेचं पॉलिश असतं आणि लाख सॅनिटायझरमधल्या स्पिरिटमध्ये विरघळते. पुसेल तिथे पॉलिश फडक्याला आलं. भिजल्यामुळे पॉलिशवर पांढुरके डाग पडले असतील तर ते तसेच राहू द्या, ते कारागिराचं काम.

चामडं वाचवायचा हट्ट

इथे मी कठोर आहे. पुरात बुडालेली तबल्याची पुडी, म्हणजे वरचं मढवलेलं कातडं, गेली असं समजा. पुडीवरची काळी शाई म्हणजे लोहकीस आणि खळ, एकेक थर घोटून चढवलेली. पाण्यात ती मऊ होते, सुटते. कातडं गटाराच्या पाण्यात भिजलेलं असतं, कुजायला लागतं, आणि त्यावर बोट ठेवून रियाज करायचा असतो. वादी (पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी) न काढता तसाच तबला वाळवला तर कातडं आकसून फाटतं ते वेगळंच.

वादी कापा, पुडी उतरवा आणि खोडाकडे लक्ष द्या, कारण किंमत खोडाची आहे. तबल्याचं खोड खालून बंद असतं, त्यात गाळ आणि पाणी साचून राहतं. ते उलटं करून निथळू द्या, आतून पुसा, सावलीत आडवं ठेवा. डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा असेल तर धुऊन पुसला की झालं. आंबट चिंच घासून चकचकीत करायची गरज नाही. पखवाजाला धुमेवर (डाव्या, जाड आवाजाच्या तोंडावर) जुनी कणीक राहिलेली असते, ती पहिल्या दिवशीच खरवडून काढा. ओल्या कणकेवर बुरशी सर्वात आधी येते आणि तिथून लाकडावर उतरते.

प्लग लावून बघणं

कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, मिक्सर, अँप्लिफायर. पाण्याने बंद पडलेलं यंत्र अनेकदा साफ करून चालू होतं. पण ओलं असताना वीज दिली की जळतं. बॅटरी, सेल ताबडतोब काढा. चिखल गेलेला असेल तर दुरुस्ती करणारे बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतात, तोवर तुम्ही फक्त कोरडं ठेवायचं. तांदळात पुरून काही होत नाही, उलट पीठ आत जातं. अँप्लिफायर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

नोटेशनच्या वह्या भिजल्या असतील आणि दोन दिवसांत वाळवणं शक्य नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. पानं चिकटायची आणि बुरशी धरायची थांबतात. सवडीने एकेक काढून वाळवता येतात. बंदिशींची वही बाजारात परत मिळत नाही.

फोटोआधी साफसफाई

चिखलात पडलेलं वाद्य बघवत नाही म्हणून लोक आधी धुतात. एक मिनिट थांबा. पाण्याची खूण दिसेल असे भिंतीसकट फोटो काढा, वाद्याचे चारही बाजूंनी काढा, सीरियल नंबर असेल तर त्याचाही. पंचनाम्याला माणसं येतील तेव्हा वाद्यांची यादी लिहून हातात द्या. विमा असेल तर कंपनीला कळवल्याशिवाय दुरुस्तीला देऊ नका आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत तुटके भागही टाकू नका.

पाणी येण्याआधी

सांगलीत पाणी हळूहळू चढतं. धरणांचे विसर्गाचे आकडे येतात, पुलाजवळची पातळी तासातासाला कळते, पेटी माळ्यावर चढवायला वेळ मिळतो. तरी आम्ही ‘2005 ला इथपर्यंतच आलं होतं’ या हिशोबावर थांबलो आणि पेटी टेबलावर ठेवली. टेबलही बुडालं. कोकणात तेवढीही सवड नाही. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी बघता बघता चढलं. तिथे वाद्यं जूनपासूनच वरच्या मजल्यावर गेली पाहिजेत. तानपुरा भिंतीतल्या खुंटीला किंवा खिडकीच्या गजाला मऊ दोरीने बांधा, तारा उतरवून. वरचा मजला नसलेल्याने आधीच एखाद्या उंचावरच्या घरी सांगून ठेवावं.

दुरुस्त होऊन आल्यावर

आमचा तानपुरा मिरजेहून दिवाळीनंतर परत आला. त्या दिवशी तो काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात, लावायची सगळ्यांनाच घाई होती. नव्याने सरस लावलेल्या सांध्यावर एकदम पूर्ण ताण देऊ नका. पहिले दोन-तीन दिवस खालच्या पांढरी एकवर (पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या सुरावर) ठेवा, मग अर्धा-अर्धा स्वर चढवत न्या, आणि रोज सकाळी दांडीच्या सांध्यावरून बोट फिरवून फट पडलीय का ते बघा. आम्हाला काळी चारपर्यंत यायला दहा दिवस लागले.