घरात बारीक साप निघाला तर

मिरगाचे दोन पाणी पडले की न्हाणीतून ओरड ठरलेली: "अव माय, साप!" जाऊन पाहावं तर वीतभर लांबीचा, सुतळीएवढा वाळा साप. दिसतो गांडुळासारखा, पण अंगावर वळ्या नसतात, चकचकीत असतो आणि भराभर पळतो. बिळात पाणी शिरलं की मोरीच्या वाटेने वर येतो. मुंग्यांची आणि उधळीची (वाळवीची) अंडी हे त्याचं खाणं. तो कानात शिरतो ही गावातली जुनी भीती. खरं तर माणसाला चावता येईल एवढं त्याचं तोंडच नसतं. शेपटीचं टोक टोचतं, त्यात विष नाही. त्याच्यावर मीठ टाकू नका. झाडूने सुपलीत ओढा, सांदवाडीतल्या (परसातल्या) ओल्या मातीत सोडा, झालं.

खरी गडबड कवड्याची. तपकिरी अंग, पांढुरके आडवे पट्टे, रात्री भिंतीवर पालीच्या मागे. हा बिनविषारी, पण चिडका. आणि मण्यारही रात्रीच फिरते, तिलाही आडवे पट्टे. फरक असा: कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार काळी-निळसर, तिचे पट्टे मानेच्या बरेच मागून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने, आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. वाचायला सोपं आहे. पण लाइन गेलेली, हातात मोबाईलची बॅटरी आणि साप पळतोय, अशा वेळी पट्टे कोण मोजतो? मी तरी नाही. खात्री नसेल तर ती मण्यारच धरायची. बिनविषारी डुरक्या घोणस आणि विषारी परडीचं (घोणसीचं) पिल्लू यांच्यातही अशीच फसगत होते.

म्हणून आधी काठी खाली ठेवा. पोरं, म्हातारी माणसं, मांजर, सगळ्यांना बाहेर काढा. एकाने लांब उभं राहून सापावर नजर ठेवायची. नजर हटली की तो धान्याच्या पोत्यांमागे गेलाच समजा, मग रात्रभर कोणाला झोप नाही. आतल्या खोलीचं दार लावून खालच्या फटीत गोधडी कोंबा, बाहेरचं दार सताड उघडा. साप भिंतीच्या कडेकडेने चालतो, वाट मोकळी दिसली तर बरेचदा आपणच निघून जातो. फिनेल, रॉकेल ओतू नका. त्याने साप बिथरून कुठेही घुसतो. नाहीच गेला तर लांबूनच झूम करून फोटो काढा आणि सर्पमित्राला पाठवा. ओळखीचा कोणी नसेल तर वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे. आलेला सर्पमित्र साप गळ्यात घालून फोटो काढू लागला, तर पुढच्या वेळी दुसरा शोधा.

चावलाच, तर "बिनविषारी होता" म्हणून घरी बसू नका. मण्यारीचा दंश कधी कधी मुंगी चावल्यासारखा लागतो, सूजही येत नाही. काही तासांनी पोट दुखतं, पापण्या जड होतात. कापू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. तो भाग हलू न देता १०८ला फोन करून ग्रामीण रुग्णालय गाठा.

पुन्हा येऊ नये म्हणून मोरीला बारीक जाळी आणि दाराखाली जुन्या सायकल ट्यूबची पट्टी ठोका. ओसरीतला बल्ब रात्रभर जळत ठेवू नका: उजेडाला किडे, किड्यांना पाली, पालींना कवड्या. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. राहिला पऱ्हाटीचा ढीग. तो भिंतीपासून लांब रचावा हे खरं, पण पावसात जळतण भिजतं ही आईची तक्रारही खरीच. आम्ही खाली विटा लावून तो हातभर उचलला, आणि काडी ओढण्याआधी ढिगावर काठी आपटायची असं ठरवलं.