कोळ्यांच्या वर्गीकरणात उतरताय? आधी प्रौढ नर ओळखायला शिका

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल भागातला फनेल-वेब (नळीसारखं जाळं विणणारा विषारी) कोळी जानेवारी 2025 मध्ये 'अ‍ॅट्रॅक्स क्रिस्टेन्सेनी' या नावानं वेगळी प्रजाती ठरला. तेव्हापासून कोल्हापुरातली प्राणिशास्त्राची पोरं विचारतात, आपल्या दाजीपूर-राधानगरीत असं काही मिळेल का? मिळेल की! सह्याद्रीतल्या बिळात राहणाऱ्या कोळ्यांवर भरपूर काम बाकी आहे. पण 'सगळ्यात मोठा, सगळ्यात विषारी' एवढंच वाचून या वाटेला येऊ नका.

कोळ्यांचे जाणकार केन क्रिस्टेन्सेन यांनी न्यूकॅसलचे कोळी जास्तच मोठे असल्याचं वीसेक वर्षांपूर्वीच टिपलं होतं. तेवढ्यानं प्रजाती झाली नाही. शरीररचना आणि डीएनए दोन्ही तपासल्यावरच एका 'सिडनी फनेल-वेब'च्या तीन प्रजाती झाल्या.

आता मी जिथे अडकलो ते नीट वाचा. शेवटची कात टाकेपर्यंत कोळ्याची जननेंद्रियं पूर्ण तयार होत नाहीत आणि ओळख तर त्यांच्यावरच ठरते. नराच्या तोंडाशेजारचा पाल्प, म्हणजे छोट्या पायासारखा अवयव, बघा; मिलनात वीर्य मादीपर्यंत पोचवतो तो हाच. टोक फुगलेलं दिसलं की आपण खूश होतो, नर मिळाला! थांबा. ते टोक नुसतं गुळगुळीत बोंडासारखं असेल तर त्याची अजून एक कात बाकी आहे. प्रौढ नरात तिथे कडक, चकचकीत बल्ब आणि त्याचं सुईसारखं निमुळतं टोक, म्हणजे एम्बोलस, स्पष्ट दिसतो. अर्धवट वाढलेला नमुना कुठल्याच वर्णनाशी जुळत नाही, म्हणून तो हमखास 'नवीन' वाटतो. महिनेच्या महिने यातच जातात. बिळातल्या माद्यांचे तर आतले शुक्रकोष (वीर्य साठवणाऱ्या पिशव्या) विच्छेदन करूनच बघावे लागतात.

नमुना मायक्रोस्कोपखाली न बघता फोटोवरून 'नवीन आहे, पेपर लिही' म्हणणारे सर भेटले तर मार्गदर्शक बदला. मोबाइल अ‍ॅपवर फार तर कुळापर्यंत भरवसा ठेवा, पुढे नाही.

घाबरू मात्र नका. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग फुकट आहे, जुनी वर्णनंही तिथे मिळतात. फनेल-वेबवर 1981 पासून प्रतिविष आहे आणि त्यानंतर त्याच्या चाव्यानं मृत्यूची नोंद नाही. तरी आपल्याकडचाही कुठलाच कोळी उघड्या हातानं उचलू नका. आणि अभयारण्यातून वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही नमुना आणायचा नाही, सर 'चालतंय' म्हणाले तरी.