गळालेल्या पिसांवरून शहरातले शिसे कसे शोधावे

डिसेंबर 2006 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स या बंदराच्या गावात पक्षी मरून पडू लागले. पुढच्या काही महिन्यांत ही संख्या हजारांत गेली. तपासणीत त्यांच्या शरीरात शिसे निघाले. बंदरातून निर्यात होणाऱ्या शिशाच्या कार्बोनेटची भुकटी गावावर उडत होती, आणि पुढे मुलांच्या रक्तातही शिसे वाढलेले सापडले. पक्षी मरेपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. जिवंत पक्ष्याने गाळलेल्या पिसावरूनही बरेच कळते. अट एकच, पीस कुठले आणि कधीचे हे आपल्याला ठाऊक हवे. शाळेचे निसर्ग मंडळ किंवा कॉलेजचा विज्ञान गट हे काम नक्की करू शकतो.

पक्षी कोणता घ्यावा?

पारवा, म्हणजे आपले रोजचे कबूतर. पीस वाढत असते तेव्हा त्याला रक्तपुरवठा असतो. रक्तातले शिसे, पारा, कॅडमियम पीस ज्या प्रथिनाचे बनते त्या केराटिनला चिकटून बसतात. वाढ पुरी झाली की रक्तपुरवठा बंद होतो आणि आत आलेला धातू तिथेच राहतो. म्हणून पीस जिथे उगवले त्या जागेची हकिकत सांगते, जिथे गळून पडले तिथली नव्हे. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्याचे पीस म्हणूनच या कामाचे नाही, कारण ते दूर कुठेतरी उगवलेले असू शकते. घारही फार लांबवर फिरते. चिमणी वस्ती सोडत नाही, पण तिची पिसे इतकी हलकी की तपासणीला पुरत नाहीत.

पारवा बारा महिने त्याच भागात राहतो. रस्त्यावरचे दाणे टिपताना तो बारीक खडेही गिळतो, कारण दाणे दळायला त्याच्या पोटातल्या पेषणीला ते लागतात. त्या खड्यांबरोबर रस्त्याची धूळ आणि जुन्या रंगाचे पोपडे पोटात जातात. न्यूयॉर्कमध्ये 2010 ते 2015 या काळातल्या 825 पारव्यांच्या रक्तातले शिसे संशोधकांनी पाहिले. ज्या वस्त्यांत मुलांच्या रक्तात शिसे जास्त आढळत होते, तिथल्या पारव्यांतही ते जास्त होते. दोघांतही उन्हाळ्यात ते वाढत होते. हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. आपल्या शहरांतही तो व्हावा असे मला मनापासून वाटते.

सुरुवात परवानगीने

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 डोळ्यांआड करू नका. काय गोळा करणार, कुठून आणि कशासाठी, हे लिहून वन विभागाकडून आधी लेखी परवानगी घ्या. पक्षी पकडायचा नाही, पीस उपटायचे नाही, घरट्याला हात लावायचा नाही. मेलेला पक्षी दिसला तर त्याला न शिवता महापालिकेला कळवा.

गोळा करताना

किमान दोन जागा ठरवा. एक संशयाची, म्हणजे जुन्या बॅटऱ्या फोडणारे, भंगार वितळवणारे किंवा जुन्या इमारतींचा रंग खरवडणारे जिथे आहेत तिथली. दुसरी त्यापासून लांबची, शांत वस्तीतली. तुलनेला दुसरी जागा नसेल तर हाती आलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. कबूतरखाना मात्र टाळा. तिथे दाणे बाहेरून येतात, पक्षीही अनेक भागांतून जमतात, आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना घातक असते. इतर ठिकाणीही हातमोजे आणि मास्क हवाच.

पंखाची लांब पिसेच घ्या. ओळख सोपी आहे: दांडी ताठ असते, तिच्या एका बाजूचा पडदा अरुंद आणि दुसऱ्या बाजूचा रुंद असतो. छातीचे मऊ पीस यात मिसळू नका, कारण पिसागणिक धातूचे प्रमाण बदलते. एका जागेवरून निदान दहा पिसे, वेगवेगळ्या दिवशी आणि थोड्या थोड्या अंतरावरून उचला, म्हणजे सगळी एकाच पक्ष्याची निघणार नाहीत. प्रत्येक पीस वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि बुरशी येते.

पाकिटावर तारीख, नेमकी जागा आणि पिसाचा रंग लिहा. रंग का? पॅरिसच्या पारव्यांवर काम करणाऱ्यांना दिसले, की मेलॅनिन हे गडद रंग देणारे द्रव्य जास्त असलेली पिसे जस्त अधिक साठवतात. त्यामुळे एका जागेची काळी आणि दुसरीची पांढरी पिसे समोरासमोर ठेवली तर फसगत होईल.

घरी पिसे धुऊ नका. नळाच्या पाण्यात आणि साबणात काय असेल सांगता येत नाही. वरची धूळ काढण्यासाठी प्रयोगशाळेत ती ॲसिटोन आणि शुद्ध केलेल्या पाण्याने आलटून पालटून धुतात, वाळवतात, वजन करून नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि मग यंत्रावर धातू मोजतात. पिसे गोळा करण्याआधीच जवळच्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाशी बोला. किती वजन लागेल, कुठले धातू मोजता येतील आणि खर्च किती, हे तेच सांगतील.

आकडे वाचताना

निकाल एका ग्रॅममागे मायक्रोग्रॅममध्ये येतो. शिसे 4 च्या वर गेले तर पक्ष्याला अपाय होत असण्याची शक्यता संशोधक धरतात. जस्ताचा आकडा शंभराच्या आसपास दिसला तरी घाबरू नका, जस्त शरीराला लागतेच. एखाद्या पिसात शिसे अचानक खूप निघाले तर त्या एका पारव्याने शिशाचा कण गिळला असेल. म्हणून सरासरीपेक्षा मध्यक पाहा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. आणखी एक गोष्ट: गळालेले पीस साधारण वर्षभरापूर्वी उगवलेले असते. मागच्या महिन्यात सुरू झालेली भट्टी त्यात दिसायची नाही, आणि मागच्या महिन्यात बंद पडलेली दिसेल.

पारव्याच्या पिसावरून मुलाच्या रक्तातले शिसे ठरत नाही. शोध कुठून सुरू करायचा, एवढे त्यावरून कळते. दोन जागांत ठळक फरक दिसला तर संशयाच्या जागेजवळच्या शाळेच्या मैदानाची आणि अंगणवाडीच्या दारातली माती तपासायला द्या. अहवाल वॉर्ड ऑफिस आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्जासोबत पाठवा आणि पोच घ्या. त्या वस्तीतल्या पालकांना मुलांच्या रक्तातले शिसे तपासण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला सांगा. सहा वर्षांखालच्या मुलांपासून सुरुवात करा, कारण हात तोंडात घालायचे वय तेच आणि मेंदूची वाढ वेगाने होण्याचेही तेच.