जुनं सरकारी संकेतस्थळ नव्याने बांधताना

नूतनीकरणाची पहिली बैठक हमखास रंगांवर आणि सरकत्या बॅनरवर खर्ची पडते. तो विषय शेवटी घ्या. आधी वर्षभराचे सर्व्हर लॉग (संकेतस्थळाला आलेल्या भेटींच्या नोंदी) काढा: लोक कोणत्या पानांवर उतरतात, काय शोधतात, मोबाइलवरून किती येतात. बहुतेकांना मोजकीच पानं हवी असतात: अर्ज, शुल्क, निकाल, अर्जाची सद्यस्थिती. नव्या रचनेत तीच आधी बांधा.

सगळ्यात जास्त घोळ पानांच्या पत्त्यांचा, म्हणजे यूआरएलचा होतो. सरकारी दुवे जुन्या परिपत्रकांत आणि छापील अर्जांवर गेलेले असतात, ते आता बदलता येत नाहीत. म्हणून प्रत्येक जुन्या यूआरएलसमोर नवा पत्ता लिहून तक्ता करा आणि सर्व्हरवर 301 रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारं कायमचं वळण) लावा. सगळे पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणं ही पळवाट. माणसाला हवं ते सापडत नाही आणि गूगलही अशा वळणाला बहुधा 'पान नाही' असंच धरतं. पान कायमचं काढलं असेल तर सरळ 410 (पान कायमचं गेलं असं सांगणारा सर्व्हरचा संकेत) द्या. हा तक्ता कंटाळवाणा असतो, म्हणूनच तो कंत्राटात स्वतंत्र काम म्हणून लिहून घ्यावा.

मजकुराकडे वळा. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र. त्यात शोधता येत नाही, स्क्रीन रीडरला (दृष्टिहीनांना पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येत नाही. माहिती एचटीएमएलमध्ये, म्हणजे साध्या वेबपानावरच्या मजकुरात द्या, सही-शिक्क्याची प्रत सोबत जोडा. युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांसाठीची आजची प्रमाण संकेतपद्धत न वापरणाऱ्या) फॉन्टमधला देवनागरी मजकूर तसाच चिकटवू नका: त्यात इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले असतात, फॉन्ट नसला की गिचमिड उरते. कन्व्हर्टर वापरा, मग रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला.

एकाच ब्राउझरवर किंवा प्लगइनवर (ब्राउझरला जोडायच्या पूरक प्रोग्रामवर) फॉर्म बांधू नका. फ्लॅश हे प्लगइन 2020 अखेर संपलं, इंटरनेट एक्सप्लोरर 11 या ब्राउझरचा आधार बहुतांश विंडोज 10 संगणकांवर जून 2022 मध्ये गेला. त्यांच्या भरवशावरचे फॉर्म अडकले. साधा एचटीएमएल फॉर्म स्क्रिप्टशिवायही (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडविनाही) जमा व्हायला हवा.

आता रंग. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान 4.5:1 ठेवा, बटणं किमान 24×24 पिक्सेल. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कळीने अख्खा अर्ज भरून पाहा.

नवं संकेतस्थळ सुरू झालं की पहिला महिना 404 चा ('पान सापडलं नाही' या उत्तरांचा) लॉग रोज वाचा आणि सुटलेले पत्ते तक्त्यात भरत जा.