पिस्तुलाचा नेम धरताना एक डोळा मिटायचा की दोन्ही उघडे ठेवायचे?

ज्वारी हुरड्यात आली की परभणीकडच्या शिवारात अजूनही कुणीतरी माळ्यावर उभं राहून गोफण फिरवताना दिसतं. पाखरं हाकताना तो माणूस डोळा मिटत नाही. गावातला सुतार मात्र रंधलेली फळी सरळ आहे का ते बघायला हटकून एक डोळा मिटतो. दोघांचंही बरोबर आहे, कारण गोफणवाल्याची नजर लांबच्या पाखरावर असते आणि सुतार जवळची दोन टोकं एका रेषेत आली का ते बघत असतो.

पिस्तुलाचा नेम म्हणजे सुताराचं काम. फरक इतकाच की सुतार दोन सेकंद बघून फळी खाली ठेवतो, तर १० मीटर एअर पिस्तुलाच्या सामन्यात ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असतात. तेवढा वेळ पापणी दाबून धरली की चेहरा आखडतो आणि उघड्या डोळ्यावरही ताण येतो. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं डावा डोळा मिटूनच खेळलो, कारण मला तसंच शिकवलं होतं. चाळिसाव्या शॉटनंतर उजवी पापणी फडफडायची आणि छर्रे पसरायचे. मी दोष हाताला देत राहिलो. म्हणून आता रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, नवीन लेकरू आलं की पहिल्या दिवसापासून त्याचे दोन्ही डोळे उघडे ठेवतो आणि नेमाच्या नसलेल्या डोळ्यापुढे पडदा लावतो.

सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करा. पिस्तुलात छर्रा नाही हे दरवेळी उघडून बघायचं, नळी कायम लक्ष्याकडे ठेवायची आणि नेम बसेपर्यंत बोट ट्रिगरवर न्यायचं नाही. रिकाम्या पिस्तुलालाही हेच नियम. सराव रेंजवर, कोच समोर असतानाच करा.

नेमाचा डोळा ओळखा

दोन्ही हात समोर ताठ करा, पंजे एकमेकांवर चढवून मध्ये रुपयाएवढी फट ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबची एखादी वस्तू धरा, पाण्याच्या टाकीवरचा दिवा वगैरे. आता हात न हलवता आधी डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा मिटा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो तो तुमचा नेमाचा डोळा, रेंजच्या भाषेत मास्टर आय. एकदा करून थांबू नका, तीन-चार वेळा करा.

हात उजवा आणि मास्टर आय डावा, असं बऱ्याच जणांचं असतं. जिंतूरकडून येणाऱ्या एका मुलीचं तसंच निघालं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "सर, मला दोन दोन काळे गोल दिसायलेत." घाबरायचं कारण नव्हतं. जवळच्या साइटवर, म्हणजे पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खुणेवर, नजर ठेवली की लक्ष्यावरचा लांबचा काळा गोल दोनदा दिसणारच, दोन डोळे दोन जागांवरून बघतात म्हणून. डाव्या डोळ्यापुढे पडदा लावला आणि दुसरा गोल गेला. पिस्तूल एका हातात, चेहऱ्यापासून लांब असतं, त्यामुळे दुसराही मार्ग आहे: मान किंचित वळवून डाव्या डोळ्यानेच नेम धरायचा. नवशिक्यासाठी मला पडदा बरा वाटतो, कारण मान रोज तेवढीच वळवणं अवघड जातं.

पडदा पांढरा हवा

काळी पट्टी लावू नका. एका डोळ्यापुढे अंधार झाला की दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, दोन्ही बाहुल्या जोडीनेच लहान-मोठ्या होत असतात. बाहुली मोठी झाली की साइट आणि लक्ष्य एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट दिसणं कठीण होतं. म्हणून उजेड आत येईल पण आकार दिसणार नाही असा पडदा हवा. चष्मा असेल तर त्या बाजूच्या काचेवर धुरकट पांढरी टेप चिकटवा. नसेल तर टोपीला बटरपेपरचा तुकडा लावा. स्पर्धेच्या नियमांत डोळ्यासमोरचा हा पडदा ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, तेव्हा सवय त्याच मापाची लावा.

नजर पुढच्या साइटवर

सगळा खेळ इथे आहे, त्यामुळे घाई करू नका. पहिला आठवडा लक्ष्य नकोच. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर, छर्रा न घालता, ड्राय फायर करा. मागच्या साइटच्या खाचेत पुढची साइट आणा. दोन्ही बाजूंना उजेडाच्या सारख्या फटी आणि वरच्या कडा एका पातळीत. पुढच्या साइटची कड पात्यासारखी धारदार दिसली पाहिजे. नंतर लक्ष्याचं कार्ड लावाल तेव्हा त्यावरचा काळा गोल कंदिलाच्या काचेवरच्या काजळीसारखा धूसर दिसेल. तो तसाच दिसायला हवा. तो स्पष्ट करायला गेलात की साइट हातची गेली.

हे इतकं महत्त्वाचं का, त्याचा हिशोब करून बघा. दोन साइटमधलं अंतर ३२० मिलिमीटर धरा. पुढची साइट खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३१ मिलिमीटर बाजूला पडतो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे, म्हणजे दहा गुण जाऊन सात. उलट साइट अचूक जुळलेल्या असताना सगळा हातच ५ मिलिमीटर डुलला तरी छर्रा दहातच बसतो. हात प्रत्येकाचा हलतो. हलणाऱ्या हाताला माफी आहे, वाकड्या साइटला नाही.

नेम धरल्यापासून आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर पिस्तूल खाली घ्या. डोळा थकला की आधी दिसलेलं चित्रच पुढे दाखवत राहतो आणि आपल्याला वाटतं साइट जुळलेल्या आहेत. दोन शॉटच्या मध्ये गुणांच्या स्क्रीनकडे, कार्डाकडे बघत बसू नका, जमिनीकडे बघा. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बाहेरच्या उन्हातून थेट लेनवर उभं राहू नका. दहा मिनिटं सावलीत बसा, पाणी प्या, घाम पुसा. डोळे उजेडाला बसल्याशिवाय साइटची कड धारदार दिसत नाही.

पडद्याशिवाय दोन्ही डोळे?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये, २०२४ साली, तुर्कीच्या युसुफ डिकेचने एक हात खिशात घालून, साध्या चष्म्यावर, दोन्ही डोळे उघडे ठेवून मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्यपदक मिळवलं. तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. ते बघून आमच्याही काही पोरांनी पडदे काढून टाकले. त्यांना मी दहा शॉट पडद्यासह आणि दहा पडद्याशिवाय असे आठवडाभर मारायला लावले, कार्डांवर तारीख टाकून. ज्यांच्या मेंदूला दुसरं चित्र सहज बाजूला सारता येतं त्यांचा गट, म्हणजे कार्डावर जवळजवळ पडलेल्या छर्ऱ्यांचा पुंजका, विस्कटत नाही. बाकीच्यांनी पडदा परत लावला. तुम्हीही असंच करा आणि निर्णय कार्डांवरून घ्या.

जवळच्या अंतरावर झटपट गोळी चालवणाऱ्या पोलिसांची गोष्ट वेगळी. त्यांना आजूबाजूचं सगळं दिसणं गरजेचं असतं, तिथे दोन्ही डोळे उघडेच हवेत.

चाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच जणांना पुढच्या साइटची कड कितीही प्रयत्न केला तरी धूसर दिसेल. त्यावर सराव हा उपाय नाही. पिस्तूल धरून उभे राहा, डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी टेपने मोजायला सांगा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना ते अंतर सेंटिमीटरमध्ये चिठ्ठीवर लिहून न्या आणि चष्मा त्याच अंतरासाठी हवा आहे असं सांगा. वाचायचा चष्मा इथे चालत नाही.