अपूर्णांकांची गणिते : मुले कुठे चुकतात आणि शिकवताना कोणत्या चुका टाळाव्यात

पाऊण तास अभ्यास केला, अर्धा तास वाचन केले, एकूण किती वेळ झाला? तोंडी विचारले तर पाचवीतले मूल ‘सव्वा तास’ म्हणून मोकळे होते. तेच मूल वहीत ३/४ + १/२ = ४/६ असे लिहिते. ४/६ तास म्हणजे ४० मिनिटे. एकट्या पाऊण तासाचीच ४५ होतात, म्हणजे भर घातली आणि वेळ कमी झाला! तरी त्या मुलाला काही खटकत नाही, कारण वहीतला ३/४ त्याच्या लेखी एक संख्या नसतेच. एकावर एक ठेवलेले ते दोन वेगवेगळे आकडे असतात. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ इथे आहे, आणि नियम आणखी दहा वेळा घोकून घेतल्याने ते निघत नाही.

अमेरिकेतल्या १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ याचे अंदाजे उत्तर विचारले होते. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ १ आहेत, म्हणून उत्तर २. ते फक्त २४ टक्के मुलांनी निवडले. १९ (अंशांची बेरीज) आणि २१ (छेदांची बेरीज) हे दोन पर्याय मिळून निम्म्याहून जास्त मुलांनी उचलले. म्हणून पहिली सवय लावायची ती अंदाजाची. उत्तर अर्ध्यापेक्षा जास्त येणार की कमी, एकापेक्षा जास्त की कमी, हे आधी बोलायचे आणि मगच पेन्सिल टेकवायची.

अंशात अंश, छेदात छेद

ही चूक नुसती ‘चूक’ म्हणून खोडू नका, कारण मुलाला ती रोज बरोबर ठरताना दिसते. पहिल्या चाचणीत १० पैकी ७, दुसरीत २० पैकी १२. एकूण किती? ३० पैकी १९. आपण स्वतः प्रगतिपुस्तकावर ७/१० आणि १२/२० असेच लिहितो, वरचे वर आणि खालचे खाली मिळवतो, आणि ते योग्यच असते. मग गणिताच्या तासाला तेच केले की लाल फुली का?

हा फरक उलगडून सांगायला हवा. गुणांच्या वेळी आपण दोन वेगळ्या चाचण्या एकत्र करून ३० गुणांची एक मोठी चाचणी तयार करतो, म्हणजे ‘पूर्ण’च बदलतो. ३/४ तास + १/२ तास यात पूर्ण बदलत नाही, दोन्हीकडे तोच एक तास असतो आणि उत्तरही त्याच तासात हवे असते. हे पटवायला सगळ्यात सोपे उदाहरण १/२ + १/२. मुलाच्या पद्धतीने उत्तर येते २/४, म्हणजे पुन्हा अर्धाच. अर्धा कप दुधात अर्धा कप दूध ओतले आणि कपात अर्धाच कप राहिला, हे कुठलेही मूल मान्य करणार नाही. नियम सांगण्याआधी त्याला या पेचात अडकू द्या.

आकृती काढताना मोठी माणसेही घोटाळा करतात. एका वर्तुळाचे तीन भाग, शेजारी जरा लहान निघालेल्या वर्तुळाचे चार भाग, आणि मग ‘यातला मोठा कोणता?’. दोन्ही आकृत्यांचे पूर्ण सारखे नसेल तर प्रश्नालाच अर्थ उरत नाही. शिवाय हाताने वर्तुळाचे तीन किंवा पाच समान भाग कुणाला जमतात? चौकटीची वही घ्या. १/३ आणि १/४ शिकवायचे असतील तर ३ बाय ४ चा आयत आखा. बारा चौकटी, त्यातला तिसरा हिस्सा ४ आणि चौथा हिस्सा ३. बेरीज ७/१२ समोर दिसते, आणि समच्छेद का करायचा तेही वेगळे सांगावे लागत नाही.

छेद बदलला, अंश तसाच राहिला

२/३ + १/४ साठी मूल १२ पर्यंत बरोबर पोचते आणि मग २/१२ + १/१२ = ३/१२ लिहिते. ३/१२ म्हणजे पाव. दोन तृतीयांशात भर घालून पाव कसे उरेल, एवढे विचारले तरी मूल स्वतःच थबकते. बरोबर रूप ८/१२ + ३/१२ = ११/१२. अशा मुलाला काही दिवस बेरीज देऊच नका, नुसते सममूल्य अपूर्णांक करू द्या. आणि लसाविचा हट्ट थोडा सैल करा. १/६ + १/४ साठी २४ हा छेद घेऊन १०/२४ आले, तर ते ५/१२ इतकेच बरोबर आहे. अतिसंक्षिप्त रूप नंतर शिकवता येते. लसावि काढण्यातच दमलेल्या मुलाचे अंशाकडे दुर्लक्ष होते.

लहान-मोठे ओळखताना १/८ हा १/५ पेक्षा मोठा वाटणे ही चूक सगळ्यांना माहीत असते. ती सुधारताना ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ असा मंत्र दिला, की मूल ७/८ ला २/३ पेक्षा लहान ठरवते. मंत्र देऊ नका. पूर्ण व्हायला किती कमी पडते ते विचारा. एकाला आठवा हिस्सा कमी पडतो आणि दुसऱ्याला तिसरा, मग पूर्णाच्या जवळ कोण?

वजाबाकीतली उसनवारी

५ पूर्णांक १/४ वजा २ पूर्णांक ३/४. वहीत दोन प्रकारची चुकीची उत्तरे सापडतात. एक, ३ पूर्णांक २/४, कारण १ मधून ३ जात नाहीत म्हणून मुलाने ३ मधून १ वजा केला. दुसरे, मुलाने पाचातला एक उसना घेतला, पण नेहमीच्या सवयीने त्याचे दहा मानले आणि १/४ चे ११/४ केले. इथे घेतलेल्या एकाचे चारच चतुर्थांश होतात, म्हणजे ४ पूर्णांक ५/४. त्यातून २ पूर्णांक ३/४ गेले की २ पूर्णांक २/४.

पडताळा तोंडी घ्या. पावणेतीनपासून तीनपर्यंत पाव, तीनपासून सव्वापाचपर्यंत सव्वादोन, मिळून अडीच. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करून घेत. ते पाठांतर परत आणा असे मी म्हणणार नाही, पण पाव-पाऊण-सव्वाचा तोंडी हिशेब वर्गाबाहेर ठेवणे हा निव्वळ तोटा आहे.

गुणाकार

इथे समच्छेदाची सवय आडवी येते. २/३ × ३/४ चे ८/१२ × ९/१२ केले आणि उत्तर ७२/१४४ लिहिले, तर ते बरोबर आहे, फक्त श्रम वाया गेले. पण बेरजेप्रमाणे छेद कायम ठेवून ७२/१२ लिहिले, की उत्तर ६! पाऊणपैकी दोन तृतीयांश घेतले आणि सहा झाले. कागदाची पट्टी घडी घालून दाखवली, की बरोबर अर्धा हातात येतो.

दुसरी चूक जरा मुरलेली असते. २ १/२ × ३ १/२ चे उत्तर मुले ६ १/४ देतात, म्हणजे पूर्णाला पूर्णाने गुणले आणि अर्ध्याला अर्ध्याने. चौकटीच्या वहीवर अडीच बाय साडेतीनचा आयत काढा. त्याचे चार तुकडे पडतात : ६, १, दीड आणि पाव. बेरीज पावणेनऊ. मुलाने मधले दोन तुकडे सोडून दिलेले असतात. हाच आयत पुढे बीजगणितात (a + b) सारख्या कंसांना उपयोगी पडतो, म्हणून इथे घाई नको.

गुणाकारातली तिरपी काट बेरजेत मारणे, म्हणजे ३/४ + २/३ मधले दोन ३ खोडणे, ही चूक ‘काट मारा’ या शब्दांतूनच वाढते. काय करतोय ते पूर्ण बोलायला लावा : ‘अंशाला आणि छेदाला तीनने भागले.’

भागाकार

‘उलटा करा आणि गुणा’ ऐकले जाते, पण कोणाला उलटे करायचे ते विसरले जाते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत नियम देताना ते स्पष्ट सांगितले आहे : हराचे, म्हणजे ज्याने भागायचे त्याचे, छेद आणि अंश उलटायचे आणि मग गुणायचे.

नियम पाठ असूनही अर्थ हुकतो, आणि तो शिक्षकांचाही हुकतो. लीपिंग मा यांच्या १९९९ च्या अभ्यासात अमेरिकन आणि चिनी शिक्षकांना १ ३/४ ÷ १/२ यावर शाब्दिक उदाहरण रचायला सांगितले होते. अनेक अमेरिकन शिक्षकांनी ‘दोघांत वाटून द्या’ अशी उदाहरणे रचली. तो दोनने भागाकार झाला, अर्ध्याने नव्हे. आपल्याकडेही ‘सहाचे अर्धे करा’ आणि ‘सहाला अर्ध्याने भागा’ हे लागोपाठ विचारून पाहा. उत्तरे ३ आणि १२.

पाऊण लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरायचे, किती पिशव्या? हुशार मूल म्हणते, एक पिशवी भरली आणि पाव लिटर उरले, म्हणून १ १/४. उरले पाव लिटरच, पण प्रश्न पिशव्यांचा आहे आणि पाव लिटर म्हणजे अर्धी पिशवी. उत्तर दीड. समच्छेद करून बघा : ३/४ ÷ २/४ म्हणजे ३ चतुर्थांशांत २ चतुर्थांश किती वेळा बसतात, ३ ÷ २.

आणि एक गोष्ट तपासताना लक्षात ठेवा. एखादे मूल ४/९ ÷ २/३ सोडवताना सरळ ४ ला २ ने आणि ९ ला ३ ने भागते आणि २/३ लिहिते. बरेच शिक्षक यावर फुली मारतात. पद्धत अगदी बरोबर आहे, प्रत्येक वेळी चालते, फक्त भाग पूर्ण जात नसेल तर अवघड होते. त्याला पुढे ३/५ ÷ २/७ द्या. अडला, तर ३/५ चे ४२/७० करून सुचवा : ४२ ÷ २ = २१, ७० ÷ ७ = १०, उत्तर २१/१०. मग नेहमीच्या नियमाने ३/५ × ७/२ करून तेच येते का, ते त्यालाच पाहू द्या.